फौजदारीत दुसरं अपील नसतं, रिव्हिजन असतं

ताई, तुमची हकीकत मला समजली ती अशी. मामेभावाच्या टेम्पोखाली माणूस गेला. कलम ३०४-अ खाली, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल, शिवाजीनगरच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाने सहा महिने दिले. सेशन्सचं अपील दोन महिन्यांपूर्वी फेटाळलं गेलं आणि भाऊ पाच आठवडे येरवड्यात आहे. आता ओळखीतले एक गृहस्थ म्हणतात, हायकोर्टात दुसरं अपील टाकू, नवा साक्षीदार उभा करू, सगळं पहिल्यापासून चालेल. त्यांना पैसे द्यायचे का?

देऊ नका. निदान या बोलीवर तरी नकोत.

मी वकील नाही. शिवाजीनगर कोर्टात तीसेक वर्षं वकिलांकडे कारकुनी केली, एवढंच. तेव्हा कागद वकिलांना दाखवाच.

घोळ होतो तो दिवाणीमुळे. जमिनीच्या दाव्यात खरोखरच दुसरं अपील असतं, गावाकडे सगळ्यांना ते ठाऊक असतं, म्हणून फौजदारीतही असेल असं वाटतं. मॅजिस्ट्रेटने दोषी धरलं की सेशन्सला एक अपील, आणि तिथे हरलं की हायकोर्टात फक्त रिव्हिजन, म्हणजे खालच्या निकालात कायद्याची चूक झाली का एवढीच तपासणी. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३९७ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४३८ आहे, गाभा तोच. सेशन्स जज्जसाहेबांकडेच पुन्हा अर्ज करू म्हणाल तर तेही नाही. निकालावर सही झाली की लेखनातली चूक सोडून त्यांना त्यात अक्षर बदलता येत नाही.

रिव्हिजनमध्ये हायकोर्ट साक्षीदार खरं बोलला की खोटं हे नव्याने तोलत बसत नाही. दोन कोर्टांनी एकच निष्कर्ष काढला असेल तर बहुधा त्याला हातही लावत नाही. बघतं ते एवढंच: साक्षीत नसलेलं गृहीत धरलंय का, महत्त्वाचा कागद डोळ्यांआड केलाय का, कायदा चुकीचा लावलाय का, शिक्षा फार झाली का. नव्या साक्षीदाराला कायद्यात पूर्ण मज्जाव नाही, पण तो इतकी वर्षं कुठे होता याचं पटेल असं उत्तर लागतं. ‘तेव्हा सुचलं नाही’ हे उत्तर नव्हे.

म्हणून नवा माणूस शोधण्यापेक्षा जुनेच कागद काढा. साक्षीदारांचे सरतपास-उलटतपास (आधी त्यांना बोलावणाऱ्या बाजूच्या आणि मग समोरच्या वकिलाच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं), पंचनामा, आरटीओचा तपासणी अहवाल. त्यात एक शब्द शोधा: ‘भरधाव’. साक्षीदार नुसतं ‘गाडी भरधाव होती’ म्हणाला, किती वेगात, कुठल्या बाजूने, ब्रेकच्या खुणा होत्या का, यातलं काहीच रेकॉर्डवर आलं नाही, आणि तरी त्या एका शब्दावर शिक्षा झाली, तर तो रिव्हिजनचा मुद्दा आहे. सुप्रीम कोर्टाने १९९८ साली कर्नाटकातल्या अशाच खटल्यात म्हटलं की नुसत्या भरधाव म्हणण्याने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. माझ्या अनुभवात कारकुनाने रात्री बसून वाचलेल्या साक्षीतून जेवढं निघालं, तेवढं नव्या साक्षीदारांतून कधी निघालं नाही.

आता मुदत. रिव्हिजनला नव्वद दिवस. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण इथेच माणसं फसतात. प्रमाणित नकलेवर शिक्का असतो, त्यात तारखा लिहिलेल्या असतात: अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, नेली कधी. वजा होतात ते अर्जापासून तयार होईपर्यंतचे दिवस. तयार झालेली नक्कल तुम्ही खिडकीवर तशीच पडू दिली तर ते दिवस तुमच्याच खाती. मी एकदा लग्नसराईत अशी नक्कल बारा दिवस नेली नाही आणि मग वकीलसाहेबांना विलंब माफीचा अर्ज जोडावा लागला. माफी मिळाली, पण त्या दिवशी साहेबांनी माझ्याकडे जसं बघितलं ते अजून आठवतं.

दुसरी निकड शिक्षेची. सहा महिन्यांतले पाच आठवडे गेलेच आहेत. रिव्हिजन दाखल करतानाच शिक्षा स्थगित करून जामिनाचा अर्ज जोडायला सांगा, नाहीतर सुनावणीची पाळी येईतो भाऊ शिक्षा भोगून घरी आलेला असेल. आणि हो, मुंबईलाच जावं लागेल. कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, सुरू झालं, सातारा-सांगलीकरांची सोय झाली, आपण पुणेकर त्यात नाही.

पैशांची अडचण असेल तर कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, किंवा भावाला तुरुंगातूनच करायला सांगा.

‘सगळं संपल्यावरही निकाल फिरतो का’ असंही विचारलंत. हायकोर्टानंतर सुप्रीम कोर्टात विशेष परवानगीची याचिका असते, पण ती नावाप्रमाणेच परवानगी आहे, हक्क नाही. तिथेही हरल्यावर पुनर्विलोकन, म्हणजे त्याच कोर्टाने आपला निकाल पुन्हा बघणं, आणि २००२ पासून त्यानंतरची शेवटची क्युरेटिव्ह याचिका. दोन्ही क्वचितच यशस्वी होतात.

तरी आपल्याच गावातलं एक उदाहरण आहे. पौड रस्त्यावरचं १९९४ चं राठी हत्याकांड जुन्या लोकांना आठवत असेल. त्यातल्या एका आरोपीची फाशी २००० साली सुप्रीम कोर्टाने कायम केली, पुनर्विलोकनही फेटाळलं. कित्येक वर्षांनी राजस्थानातल्या शाळेच्या रजिस्टरवरून अर्ज झाला की गुन्ह्याच्या वेळी तो अल्पवयीन होता. चौकशी पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडे आली, वय निघालं बारा वर्षं सहा महिने, आणि मार्च २०२३ मध्ये अठ्ठावीस वर्षांहून जास्त तुरुंगवासानंतर तो सुटला. अल्पवयाचा मुद्दा अंतिम निकालानंतरही काढता येतो, असं कायद्यातच लिहिलंय म्हणून हे झालं. तुमचा भाऊ लायसन घेऊन टेम्पो चालवत होता, त्याला याचा उपयोग नाही.

सेशन्सच्या निकालाची तारीख आणि नकलेवरच्या शिक्क्यातल्या तारखा कळवा. नाव, केस नंबर नको. नव्वदातले किती दिवस उरलेत ते मोजून सांगतो.