ग्रीसच खराब असेल तर बेअरिंग बदलून भागत नाही

दादा, पंख्याबद्दलची तुमची पोस्ट दोनदा वाचली. नवं बेअरिंग, अलाइनमेंट बरोबर, बॅलन्सिंग झालेलं, तरी दीड महिन्यात पंखा घोंगावतोय. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या डाइंग युनिटला असताना मी हेच भोगलंय. बॉयलरचा आयडी फॅन, म्हणजे धूर बाहेर ओढणारा पंखा, प्लमर ब्लॉकमध्ये (बेअरिंगच्या लोखंडी घरात) २२२१६ नंबरचं रोलर बेअरिंग, वर्षात तीन बेअरिंगं गेली.

व्हायब्रेशन मोजायला ज्यांना बोलवायचो, त्यांच्या ऑफिसातून दर वेळी तोच कागद यायचा: रीडिंग मर्यादेत. मी म्हणायचो, आवाज खरखरीत आहे, एकदा येऊन ऐका तरी. उत्तर, "फाउंडेशन ढिलं असेल." फाउंडेशन फोडून नवं केलं. आठ दिवस पंखा बंद, खर्च वेगळा, आणि आवाज तसाच. अजून राग येतो. ग्रीसमधल्या कचऱ्याचा त्रास आधी वरच्या फ्रीक्वेन्सीत दिसतो. १० ते १००० हर्ट्झमधला एकूण वेग, म्हणजे तो मिमी/सेकंदचा आकडा, बरेच दिवस गप्प असतो. एन्व्हलपचं, म्हणजे वरच्या फ्रीक्वेन्सीतले बेअरिंगचे ठोके पकडणारं रीडिंग मागा, दिलं नाही तर बिल देऊ नका. माझं मत स्पष्ट आहे.

मूळ चूक मात्र आमच्याच शेडमध्ये होती. ग्रीसचा डबा बॉयलरजवळ, झाकण हरवलेलं, वर नुसतं गोणपाट. एक दिवस चिमूटभर ग्रीस बोटांत चोळलं तर करकर लागली. काचेच्या दोन तुकड्यांत दाबून घासलं, पुसलं, तर काचेवर ओरखडे. राख होती ती. रोलर आणि रेस (रिंगवरची रोलर फिरायची वाट) यांच्यातला तेलाचा थर मायक्रॉनभर, कित्येकदा त्याहूनही कमी. राखेचा कण त्याच्या कैकपट मोठा. तो रोलरखाली येऊन खड्डा पाडतो, खड्ड्याच्या काठावर ताण साठतो, तिथूनच पापुद्रा सुटतो. सुटलेलं लोखंड परत त्याच ग्रीसमध्ये फिरतं. म्हणून नुसतं बेअरिंग बदलू नका. हाउसिंग (बेअरिंगचं घर), ग्रीसची नळी, ग्रीस गन, सगळं साफ करा, आणि ग्रीस भरायचं निपल पुसल्याशिवाय गन लावू देऊ नका.

नवं बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊ नका, त्या घमेल्यातच निम्मा कचरा असतो. ग्रीस रिकाम्या जागेच्या तिसऱ्या हिश्शापासून अर्ध्यापर्यंतच भरा, ठासून भरलं की तापतं. दोन जातींचं ग्रीस एकत्र करू नका.

मी फिटर आहे, इंजिनिअर नाही, आणि तुमचा पंखा मी पाहिलेला नाही. खराब झालेलं बेअरिंग मोटरचं असेल, मोटर व्हीएफडीवर (वेग कमीजास्त करणाऱ्या ड्राइव्हवर) असेल आणि रेसवर सारख्या अंतराने आडव्या पट्ट्या दिसत असतील, तर तो बेअरिंगमधून करंट जाण्याचा आजार, वेगळा.

जुनं बेअरिंग फेकलं नसेल तर बघा. २२२ सीरिजचं (आमच्या २२२१६ सारखं) असेल तर कापायचीही गरज नाही. पुसून आतली रिंग तिरकी केली की बाहेरची रेस उघडी पडते. सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसतात का, उन्हात धरून फोटो टाका.