जुना रंधा घेताना काय बघायचं?

प्रश्न: काका, मी घणसोलीत राहतो, आयटीत आहे, सुट्टीला गॅलरीत लाकूडकाम करतो. ठाण्यात एकाकडे जुना स्टॅन्लीचा चार नंबर लोखंडी रंधा आहे, फोटोत बराच गंजलेला दिसतो. दुसऱ्याकडे तोच नंबर एकदम चकाचक, नवा रंग मारलेला, पण डबल भाव. कुठला घेऊ आणि बघायला गेलो की नक्की काय बघू?

उत्तर: आधी गंजलेला बघून या. वरवरचा गंज रॉकेल आणि पॉलिश पेपरने एका दुपारात निघतो, त्याला अजिबात घाबरू नका. बघायची ती भेग. रंध्याची बॉडी बिडाची असते आणि बीड वाकत नाही, हातातून पडला की सरळ तडकतं, बहुतेक वेळा तोंडाजवळ म्हणजे पातं बाहेर येतं तिथे किंवा दोन्ही बाजूंच्या भिंतींना. म्हणून मालकाला विचारून पातं, कॅप (पात्यावर बसणारी लोखंडी पट्टी), फ्रॉग (पातं ज्याच्यावर टेकतं तो तिरका भाग) सगळं खोला, मोबाईलचा टॉर्च मारा आणि तोंडाच्या कोपऱ्यांवरून नख फिरवा, केसाएवढी भेग पण नखाला लागते. पितळेसारखी पिवळी रेघ दिसली तर तिथे जोडकाम झालंय, सोडून द्या. चकाचक रंध्याची मला भीती वाटते ती ह्याचसाठी, रंगाखाली काय आहे ते कळत नाही आणि बफ मारताना तळाच्या कडा गोल झालेल्या असतात.

मग पातं. पात्यातली लांब चीर संपते तिथपासून धारेपर्यंत इंचभर जरी उरलं असेल तरी छंदाच्या कामाला वर्षानुवर्षं पुरेल. पण पात्याच्या सपाट बाजूला धारेजवळ गंजाने खड्डे पडलेत का ते नीट बघा, कारण दोन्ही बाजू गुळगुळीत असल्याशिवाय धार बसत नाही. धारेला निळसर झाक असेल तर कोणीतरी ग्राइंडरवर तापवून पाणी, म्हणजे पात्याचा कडकपणा, उतरवलंय, तेवढा भाग घासून काढावा लागतो.

तळाला स्टीलची पट्टी उभी लावून उजेडाकडे धरा. पुढचं टोक, तोंडाच्या लगेच पुढची जागा आणि मागचं टोक, एवढं पट्टीला टेकलं की काम चालतं, मधे थोडा उजेड दिसला तरी चालेल. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून तळ घासता येतो, फक्त तेव्हा पातं आत ओढून पण कसलेलंच ठेवा, नाहीतर बॉडीवरचा ताण बदलतो आणि मेहनत फुकट.

आणि स्क्रू मोजा! स्टॅन्लीच्या फ्रॉगचे स्क्रू बारा नंबर जाडीचे आणि इंचाला वीस आट्यांचे असतात, आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात ते सहसा मिळत नाहीत, एक हरवलेला असला तरी भाव चांगला पाडून घ्या. पात्याची खोली कमीजास्त करणारं पितळी चाक बहुतेक वेळा उलट्या आट्यांचं असतं, अडकलंय समजून जोर लावू नका. ते अर्धा-पाऊण फेरा रिकामं फिरलं तर तो दोष नाही. मूठ तुटकी असेल तर असू दे, सागाच्या तुकड्यातून घरी बनवता येते.

प्रश्न: कळव्याहून विचारतेय. पहिलाच रंधा घ्यायचाय, चार नंबर घेऊ की पाच?

उत्तर: ताई, पाच. दोघांचं पातं दोन इंचीच, पण पाच नंबर चौदा इंच लांब असल्याने फळी सरळ करायला बरा पडतो आणि लहान कामही निभावतो, चार नंबर साधारण साडेनऊ इंचाचा, तो शेवटच्या सफाईचा. परदेशी नावासाठी अडून बसू नका, जालंधरच्या अनंत कंपनीचा जुना रंधा मिळाला आणि तळ बरा असला तर घ्या, जरा जास्त घासावा लागेल एवढंच. वागळे इस्टेटमधले जुने कारखाने बंद होत गेले तशी त्यांची हत्यारं भंगारात येत राहिली, त्या भागातल्या भंगारवाल्यांना सांगून ठेवा. चोर बाजाराला जायचं तर शुक्रवारी पहाटे, रस्त्यावरचा बाजार तेव्हाच भरतो.

प्रश्न: ऐरोलीत खाडीची हवा, पावसाळ्यात रंधा आठवड्यात गंजतो. काय करू?

उत्तर: काम झालं की भुसा झटकून शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा तळावर आणि पात्यावर फिरवा. कोरड्या सुती कपड्यात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरतो. आणि चार-पाच महिने हात लागणार नसेल तर पातं आणि कॅप वेगळी करून पुसा, दोघांच्या फटीत ओल बसते आणि गंज तिथूनच सुरू होतो.