वाचकांचे प्रश्न : गाव सुशोभीकरणाचा निधी

प्रश्न : वेशीजवळच्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक, बाकं, झाडं करायची आहेत. आमदार निधीसाठी तरुण मंडळाने आमदारांना निवेदन दिलं, पोचही मिळाली. सहा महिने झाले, हालचाल नाही. काय राहिलं?

उत्तर : निवेदन म्हणजे प्रस्ताव नव्हे. आमदार कामाची शिफारस करतात, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. आणि मंजुरी मिळाली तरी पैसा मंडळाच्या हातात येत नाही, काम शासकीय यंत्रणा करते. त्यामुळे पुढची धावपळ ग्रामपंचायतीच्या नावाने करा.

आधी तलाठ्याकडून त्या गटाचा ताजा सातबारा काढा. बहुतेक प्रस्ताव इथेच अडकतात. गायरान असेल तर मालकी सरकारची असते, ग्रामपंचायतीकडे फक्त व्यवस्था. तिथे महसूल खात्याच्या परवानगीशिवाय हात घालू नका. जागा गावठाणात असेल तर सातबारा नसतो. सनद किंवा मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) बघा. नमुना 8 चा उतारा ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. गावात मात्र तोच सर्रास जोडला जातो. रस्त्याची कड घेत असाल तर तो रस्ता नमुना 23 ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत, आहे का तेही पाहा.

मग ग्रामसभेचा ठराव. गणपूर्तीला (कोरमला) 15 टक्के मतदार किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. ठरावात गट क्रमांक, क्षेत्र, कामाचं नेमकं नाव आणि देखभाल ग्रामपंचायत करील हे वाक्य हवंच. हेच काम दुसऱ्या योजनेतून झालेलं किंवा प्रस्तावित नाही, असा ग्रामसेवकाचा दाखलाही सोबत लावा.

आणि नाव शब्दशः एकच ठेवा. ठरावात ‘वेस परिसर सुशोभीकरण’, शिफारस पत्रात ‘मारुती मंदिरासमोर ब्लॉक बसविणे’ असं झालं की टेबलावरचा कारकून फाईल परत पाठवतो. त्याचं चुकतही नाही. खासदार निधीतून तर धार्मिक स्थळाच्या आवारात काम घेताच येत नाही, मग नुसत्या नावामुळेही शंका निघते.

प्रश्न : अभियंत्याने 20 बाय 15 मीटर जागेचं अंदाजपत्रक दिलंय. त्यात काय तपासू?

उत्तर : 300 चौरस मीटर हे माप आधी स्वतः टेपने पडताळा. नुसतं चालणं असेल तर 60 मिमी जाडीचे ब्लॉक पुरतात. ट्रॅक्टर फिरणार असेल तर 80 मिमीचे मागा. वेशीजवळ ट्रॅक्टर फिरतोच.

कडेचा कर्ब, म्हणजे ब्लॉक जागेवर धरणारी किनार, वेगळ्या ओळीत दाखवलाय का पाहा. खर्च आटोक्यात ठेवताना तो गाळला जातो. मग कडेचे ब्लॉक बाहेर सरकतात, खालची वाळू वाहून जाते आणि दुसऱ्या पावसाळ्यात मधला भाग खचतो. पाण्याला 50 ला 1 (50 मीटरला 1 मीटर) असा उतार आणि तो उतार जिथे संपतो तिथे गटार हवं. झाडांसाठी एक बाय एक मीटरचे चौकोन ब्लॉकविना सोडायला सांगा. मजुरी-साहित्याच्या बेरजेवर जीएसटी आणि 1 टक्का कामगार कल्याण उपकर धरलेला नसेल तर निविदेच्या वेळी रक्कम अपुरी पडते आणि बाकं कापली जातात.

प्रश्न : वित्त आयोगाच्या पैशातून हे होईल का?

उत्तर : पंधराव्या आयोगाच्या (2021-26) निधीतला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, त्यातून बाकं बसत नव्हती. गटार बसत होतं. उरलेला 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा होता. तोही काम गावाच्या विकास आराखड्यात असेल तरच. आराखडा पुढच्या वर्षाचा असतो, तेव्हा तो ठरणारी ग्रामसभा चुकवू नका.

प्रश्न : शहरातल्या आमच्या सोसायटीच्या बागेला आमदार निधी मिळेल?

उत्तर : कुंपणाच्या आतली जागा सोसायटीची असेल तर धरून चालू नका. अभिन्यासातली (लेआउटमधली) खुली जागा पालिकेकडे हस्तांतरित झालेली असेल आणि सगळ्यांना खुली असेल, तर पालिकेमार्फत प्रस्ताव करता येतो. हस्तांतराचा कागद पालिकेच्या मालमत्ता विभागात मागा.