चाल तीच, वेग मात्र निराळा

दापोलीकडच्या एका पालकांची विचारणा आहे. मुलगी नववीत आहे. वर्तुळाकार गतीत 'चाल स्थिर राहते, पण वेग सतत बदलतो' असे तिला शिकवले. घरात तर दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. हा भेद मराठीत खरोखर आहे, की पुस्तकवाल्यांनी ओढूनताणून आणला? आणि मग 'गती' म्हणजे काय?

भेद ठरवून पाडलेला आहे, पण ओढूनताणून नव्हे. शास्त्राला दोन वेगळ्या राशींसाठी, म्हणजे मोजायच्या गोष्टींसाठी, दोन नावे हवी होती आणि भाषेत जवळपास समानार्थी असे दोन शब्द हाताशी होते. त्यांना कामे वाटून दिली. चाल म्हणजे किती झपाट्याने, एवढेच. वेग म्हणजे किती झपाट्याने आणि कुठल्या दिशेला. हिंदी पाठ्यपुस्तकांतही हीच जोडी याच अर्थाने आहे.

दोन नावांची गरज का पडली, हे दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर उभे राहिले की दिसते. ओहोटी लागलेली असली की बोट समोरच्या धक्क्याकडे तोंड करून निघतच नाही. तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, जरा खाडीच्या वरच्या अंगाला वळवलेली असते आणि बोट तशीच तिरकी सरकत नेमकी धक्क्याला लागते. हिशेबासाठी सोपे आकडे घेऊ. समजा पात्र 900 मीटर रुंद आहे, बोट पाण्यात सेकंदाला 3 मीटर जाते आणि ओहोटीचे पाणी सेकंदाला 1 मीटरने समुद्राकडे धावते आहे. नाळ सरळ समोर धरली तर पाच मिनिटांत पलीकडचा काठ येईल, पण धक्क्यापासून 300 मीटर खाली. धक्काच गाठायचा तर नाळ सुमारे साडेएकोणीस अंश वर वळवावी लागेल आणि वेळ पाच मिनिटे अठरा सेकंदांच्या आसपास लागेल. दोन्ही वेळा इंजिन तेच आणि पाण्यातली चालही तीच, सेकंदाला 3 मीटर. बदलली ती दिशा, म्हणजे वेग. 3 आणि 1 यांची नुसती बेरीज-वजाबाकी करून यातले एकही उत्तर निघत नाही, दिशा धरूनच मिळवणी करावी लागते. सुकाणूवरचा माणूस हे गणित कागदाशिवाय करतो, ते वेगळे. (हीच बोट धोपाव्याला जाऊन परत दाभोळला आली की तिचा सरासरी वेग शून्य, कारण निघाली तिथेच ती पोचली. डिझेल जळले ते जळलेच. मुलांना हे सांगितले की ती हसतात आणि मग विसरत नाहीत.)

आता भाषेकडे. दिशेची जाण आपल्या बोलण्यात नाही असे मुळीच नाही. फक्त ती 'वेग' या शब्दात नाही, वाऱ्याच्या नावांत आहे. जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई आणि समुद्रावरून येतो तो खारा. शिवाय 'वारा फिरला' असे म्हणतो तेव्हा वारा वाढला की कमी झाला हे सांगतच नाही, दिशा बदलली एवढेच सांगतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा बातम्यांत ताशी 100 ते 110 किलोमीटर 'वेगाचे' वारे होते. काटेकोर बोलायचे तर ती चाल. चक्रीवादळाचा डोळा ज्या गावावरून जातो तिथे आधी एका अंगाने झोडपतो, मग थोडा वेळ सामसूम आणि मग उलट्या अंगाने पुन्हा तेवढाच मार. आकडा तोच असला तरी वेग अगदी उलटा.

'वेग'चे मूळ पाहिले तर शास्त्राने हाच शब्द दिशेसाठी उचलला हे मला तरी पटते. 'विज्' हा त्याचा धातू. हलणे, खळबळणे असा अर्थ. उद्वेग त्यातलाच. आयुर्वेदात शिंक, जांभई, मलमूत्र यांचे 'वेग' अडवू नयेत म्हणतात, तिथे वेग म्हणजे आतून आलेली ढकल. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनात तर वेग हा वस्तूचा एक गुण मानला आहे आणि त्या दर्शनाचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी त्याचे वर्णन करताना ठरावीक दिशेने क्रिया चालू ठेवणारा असे म्हटले आहे. दिशा तिथे आहेच. पण म्हणून न्यूटन आपल्याकडे आधीच होता वगैरे नको. वैशेषिकांचा वेग वस्तूला पुढे नेणारे कारण आहे. न्यूटनच्या 1687 मधल्या पहिल्या नियमाप्रमाणे सरळ रेषेत एकसारखे जात राहायला कारणच लागत नाही, कारण लागते ते बदलाला. जुन्या कल्पनेच्या जवळ जाणारी आजची राशी शोधायचीच तर ती संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग.

आणि मुलीचे वाक्य नेमके त्या बदलाविषयी आहे. एसटी कुंभार्ली घाटातल्या आवळ वळणावर काटा 30 वर ठेवून वळली, तर चाल बदलली नाही, पण दिशा क्षणाक्षणाला बदलत गेली. वेग बदलला म्हणजे त्वरण आले आणि त्वरण आले म्हणजे बल हवे. ते टायर आणि रस्ता यांच्यातले घर्षण पुरवते. त्याच वळणावर चाल दुप्पट केली तर बल चौपट लागते. पावसाळ्यात ओल्या डांबरावर तेवढे घर्षण मिळत नाही, म्हणून चालक आधीच गाडी हळू करतो. 'त्वरण' म्हणजे फक्त घाई, गाडी पळवणे, हा समज इथे सोडावा लागतो. ब्रेक लावला तरी त्वरण आहे आणि नुसते वळले तरी आहे.

'गती' हा सर्वांत सैल शब्द. शास्त्रात तो नुसत्या हलण्याला वापरतात, मोजायची राशी म्हणून नाही. न्यूटनचे 'गतीचे नियम', 'वर्तुळाकार गती' असे. व्यवहारात मात्र गतिरोधक गती रोधत नाही, चाल कमी करतो. महामार्गावरची 'वेगमर्यादा'ही खरी चालमर्यादाच, कारण तुम्ही पणजीकडे चाललात की पनवेलकडे, याच्याशी पाटीला देणेघेणे नसते. पण चालमर्यादा असे कोणी लिहू लागले तर मीच पहिला हसेन. पाट्या आहेत तशा राहू द्याव्यात, आणि मुलीने उत्तरपत्रिकेत 'वेग' लिहिला की शेजारी दिशा लिहावी, नाहीतर गुण कापले जातील आणि ते बरोबरच असेल.