मास्टर्ससाठी वडिलांचा पीएफ मोडावा का?

तुमच्या पत्रातली हकीकत थोडक्यात अशी. वय २६, मुंबई विद्यापीठाची संगणक अभियांत्रिकीची पदवी, ऐरोलीतल्या एका कंपनीत चार वर्षांची नोकरी, हातात येणारा पगार ६२,००० रुपये आणि स्वतःची शिल्लक ९ लाख. डोंबिवलीतले घर आईवडिलांच्या नावावर असून त्याचे कर्ज नुकतेच फिटले आहे. वडील साडेतीन वर्षांनी निवृत्त होतील. कॅनडात ‘अप्लाइड कॉम्प्युटर सायन्स’च्या मास्टर्सला अर्ज करायचा आहे आणि दोन वर्षांचा एकूण खर्च तुम्ही ४९ लाख धरला आहे. कमी पडणाऱ्या ४० लाखांसाठी घर तारण ठेवावे की वडिलांनी पीएफ काढावा, असा तुमचा प्रश्न आहे. जर्मनीबद्दलही तुम्ही शेवटी ओझरते विचारले आहे.

पीएफला हात लावू नये, हे आधी स्पष्ट सांगते. वडील निवृत्त होतील तेव्हा आईचे वय ५५ असेल, म्हणजे या रकमेवर घराचा खर्च पुढची पंचवीस-तीस वर्षे चालायचा आहे. वडील आनंदाने तयार आहेत, हे मी समजू शकते. पण त्यांची तयारी हा त्यांच्या मायेचा पुरावा आहे, त्यांना ते परवडते याचा नव्हे.

राहिला कर्जाचा प्रश्न. किती कर्ज घ्यावे, याची माझी कसोटी एकच आहे: शिक्षण पूर्ण करून मुंबईला परत यावे लागले, तर इथल्या पगारातून ते फिटेल का? तिकडच्या पगारावर फेडीचा हिशेब मांडणे मला धोक्याचे वाटते, कारण तो पगार, तो व्हिसा आणि त्या वेळचा नोकऱ्यांचा बाजार यांपैकी काहीच तुमच्या हातात नसते. ही कसोटी तुमच्या ४० लाखांना लावू. व्याज साडेदहा टक्के, निम्मी रक्कम सुरुवातीला आणि निम्मी वर्षभराने उचलली, अभ्यासक्रमाची दोन वर्षे आणि पुढचे सहा महिने हप्ता नाही, असे धरले तर तेवढ्या काळात साधे व्याजच ८ लाख ४० हजार होते. मग ४८ लाख ४० हजारांवर दहा वर्षांसाठी महिना सुमारे ६५,३०० रुपये हप्ता बसतो. तो तुमच्या आजच्या संपूर्ण पगारापेक्षा जास्त आहे. दोन वर्षांचा बुडालेला पगार, सुमारे १५ लाख, यात धरलेलाच नाही. हप्ते थकले तर तारण घराचा ताबा घेण्याचा कायदेशीर अधिकार बँकेला असतो, आणि तेव्हा आईवडील निवृत्त असतील.

कॅनडाची जमेची बाजू मी नाकारत नाही. मास्टर्सनंतर तीन वर्षांपर्यंतचा वर्क परमिट मिळू शकतो, आणि मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया किंवा हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठात नेमक्या याच नावाची पदवी आहे. पण अशा ‘अप्लाइड’ पदव्या प्रामुख्याने विषय शिकून पूर्ण करायच्या, नोकरीकडे वळवणाऱ्या असतात. असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठातच शिकवण्याचे किंवा संशोधनाचे पगारी काम, आणि विद्यावेतन बहुधा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांकडे जाते. त्यामुळे ‘तिथे गेल्यावर काहीतरी मिळेल’ ही रक्कम हिशेबात शून्य धरावी.

आता जर्मनी, आणि इथे मला जरा थांबायचे आहे, कारण तुम्ही ज्याला दुय्यम पर्याय मानता तो तुमच्या खिशाला अधिक मानवणारा आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, फक्त सत्राला काही शे युरोंची वर्गणी असते. मात्र राज्य पाहून अर्ज करा. गॉटिंगेन विद्यापीठात ‘अप्लाइड कॉम्प्युटर सायन्स’चा मास्टर्स अभ्यासक्रम आहे आणि ते ज्या राज्यात आहे ते नीडरझाक्सन हे शुल्क घेत नाही; उलट फ्रायबुर्ग ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात. चार सत्रांचे ते ६,००० युरो झाले.

खरा खर्च राहण्याजेवणाचा. व्हिसासाठी वर्षाला ११,९०४ युरो ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये आधी भरून दाखवावे लागतात आणि तिथे पोहोचल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरो तुमच्या हाती येतात. ही फी नव्हे, तुमचेच पैसे आहेत. युरो शंभर रुपये धरला तर दोन वर्षांचे सुमारे २३ लाख ८० हजार. प्रवास, व्हिसा, सत्राची वर्गणी आणि सुरुवातीचे सामान मिळून मी २७ लाख धरते. युरो दहा टक्क्यांनी वधारला तर आणखी अडीच लाख लागतील, म्हणून कर्जाची तेवढी मंजुरी जास्तीची घ्या, उचलू मात्र नका. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे, पण ती कमाईही मी हिशेबात धरत नाही.

पुढच्या ऑक्टोबरच्या सत्रासाठी अर्ज केलात तर हातात जवळपास वर्ष आहे. दरमहा २५,००० रुपये बाजूला टाकले तर तुमची शिल्लक १२ लाखांवर जाते आणि कर्ज १५ लाखांवर येते. वरच्याच पद्धतीने त्याचा हप्ता साधारण २४,५०० रुपये, म्हणजे आजच्या पगाराच्या चाळीस टक्के. मुंबईत घरी राहून हे फेडता येते. आधी स्वतःची शिल्लक वापरलीत आणि कर्ज जितके उशिरा उचललेत तितके व्याज कमी. वडिलांना हातभार लावायचाच असेल, तर नोकरीत असेपर्यंत त्यांनी दरमहाचे व्याज भरावे. सर्व १५ लाख उचलल्यावरही ते सुमारे १३,००० रुपये असेल.

घर शक्यतो मोकळे ठेवा. साडेसात लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत, त्यापुढे मागतात. बिगर-बँकिंग वित्तसंस्था तारणाशिवाय देतात, पण व्याज चढे असते. एक टक्का जास्त पडला तर १५ लाखांवर हप्त्यात महिना दीडएक हजारांचा फरक पडतो, आणि घर वाचत असेल तर मी तो देईन. कर्जाएवढा टर्म इन्शुरन्स स्वतःच्या नावावर घ्या, कारण सहकर्जदार वडील असणार आहेत.

करांबद्दल दोनच गोष्टी. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर, लागत नाही; स्वतःचे पैसे एका आर्थिक वर्षात १० लाखांपुढे गेले तर वरच्या रकमेवर लागतो, म्हणून ३१ मार्चची तारीख पाहून पैसे पाठवा. कर्जाच्या व्याजाची आयकरातली वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, तिच्यावर विसंबू नका.

अर्जांचा खर्च लहान असला तरी चटकन फुगतो. आयईएलटीएसचे सतरा-अठरा हजार आणि जर्मन व्हिसासाठी सक्तीच्या एपीएस प्रमाणपत्राचे (तुमची भारतीय शैक्षणिक कागदपत्रे तपासून दिलेला दाखला) १८,००० टळणार नाहीत. एपीएस आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातून मिळणारे ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सर्व सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा, यांना वेळ लागतो, त्यामुळे ही दोन कामे याच महिन्यात सुरू करा. जर्मन विद्यापीठांसाठी अर्ज स्वीकारणाऱ्या युनि-असिस्ट या संस्थेमार्फत पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो पडतात; पाच-सहा अर्ज पुरेत. कॅनडाला करायचाच असेल तर एखादाच, आणि तोही प्रबंधाच्या अभ्यासक्रमाला. तिथून विद्यावेतनाचे लेखी पत्र आले तर वरचा हिशेब आपण नव्याने मांडू. वाचलेल्या पैशांतून काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनचा वर्ग लावा. पदवीनंतर नोकरी शोधायला तिथे १८ महिने मिळतात, आणि जर्मन येत असेल तर त्या महिन्यांचा उपयोग होतो.

राजीनाम्याचे तुम्ही विचारले आहे. तयारीसाठी आत्ता नोकरी सोडू नका, या योजनेतले तीन लाख त्याच पगारातून यायचे आहेत. तुमचा नोटिशीचा काळ ९० दिवसांचा आहे आणि प्रवेशाचे पत्र व प्रस्थान यांत कदाचित तेवढा अवधी मिळणार नाही. नोटीस कमी करून मिळते का, आणि नाही मिळाली तर किती पगार भरावा लागतो, हे नेमणूकपत्रात आजच पाहा आणि ती रक्कम २७ लाखांत मिळवा.