निगेटिव्ह कंट्रोलमध्येच बँड आला, आता काय करू?

या खेपेला आलेल्या पत्रांत निम्मी पदवीच्या मुलांची निघाली, कुणी मायक्रोबायोलॉजीचं, कुणी बॉटनीचं, कुणी बायोटेकचं, आणि सगळ्यांचा सूर एकच, ताई, लॅबमध्ये काहीतरी बिनसलंय. म्हणून म्हटलं एकदा सगळी एकत्रच घेऊ. नावं कुणाचीच देत नाहीये, निश्चिंत राहा.

प्रश्न: ताई, मी शेवटच्या वर्षाला आहे. मातीतून काढलेले बॅक्टेरिया ओळखायचा प्रोजेक्ट आहे, त्यासाठी १६एस या जीनचा (बॅक्टेरियांची ओळख यावरून पटते) पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या ढीगभर प्रती काढणं, करतोय. दोन महिने जेलवर, जिथे डीएनए असला की पट्टा म्हणजे बँड दिसतो, नुसता अंधार. मागच्या आठवड्यात पहिल्यांदा बँड आला, एकदम ठसठशीत, मी नाचायचाच बाकी होतो, आणि मग बघतो तर निगेटिव्ह कंट्रोलच्या, म्हणजे डीएनए न टाकलेल्या ट्यूबच्या, लेनमध्येही तोच बँड. सीनियर म्हणतो ती लेन क्रॉप करून टाक, कोण बघतंय. सबमिशनला तीन आठवडे आहेत. काय करू?

उत्तर: क्रॉप करू नकोस. सीनियर ज्याला क्रॉप म्हणतोय त्याला साध्या भाषेत खोटेपणा म्हणतात, पण ते जरा बाजूला ठेव आणि व्यवहाराचं बघ, तुझा बँड खरा की खोटा हे या क्षणी तुलाच माहीत नाहीये, मग तो रिपोर्टात चिकटवून तू सांगणार काय आहेस?

आता मुद्द्याचं. त्या ट्यूबमध्ये तू डीएनए टाकलाच नव्हतास, सॅम्पलच्या जागी पाणी होतं, तरी बँड आला म्हणजे डीएनए कुठूनतरी शिरलाय. पीसीआर दर सायकलला डीएनए दुप्पट करतो, म्हणजे एका तुकड्याचे ३० सायकलमध्ये कागदावर १०७ कोटींच्या वर तुकडे होतात, प्रत्यक्षात तेवढे होत नाहीत पण जेलवर दिसायला पुरून उरतील इतके होतातच. जुनी पीसीआर ट्यूब अंगठ्याने फट्‌कन उघडली की जो डोळ्यांना न दिसणारा तुषार उडतो ना, तो पिपेटच्या दांड्यावर बसला तरी काम झालं. आणि तुझ्या बाबतीत अजून एक भानगड आहे जी बऱ्याच जणांना कुणी सांगतच नाही. १६एसचे युनिव्हर्सल प्राईमर (कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) जवळजवळ कुठल्याही बॅक्टेरियाचा डीएनए पकडतात, आणि प्रती काढायला आपण वापरतो ते टॅक एन्झाइम बहुतेक वेळा ई. कोलाय या बॅक्टेरियामध्येच तयार केलेलं असतं, त्यामुळे त्यात बॅक्टेरियाच्या डीएनएचे कण राहिलेले असू शकतात. म्हणजे तू कितीही सोवळं पाळलंस तरी ३५-४० सायकल चालवल्यास तर पाण्यातही बँड उगवू शकतो.

म्हणून एक दुपार फक्त पाण्याला दे. सॅम्पल नाहीच, सगळ्या ट्यूब निगेटिव्ह. पहिली होती तशीच, दुसरीत फक्त पाणी नवं, तिसरीत फक्त प्राईमर नवे पातळ केलेले, चौथीत फक्त बफर आणि डीएनटीपी (डीएनए बनायचा कच्चा माल) नव्या बाटलीतले, पाचवीत एन्झाइम दुसरं, शेजारच्या लॅबमधून दोन रिॲक्शनपुरतं मागून आण, देतात. एका वेळी एकच गोष्ट बदल, घाईत सगळं एकदम बदललंस आणि बँड गेला तर चोर कोण होता ते कळणारच नाही. मिक्स बनवताना जिथे पीसीआर झालेल्या ट्यूब कधी उघडल्या जात नाहीत असं टेबल शोध, फिल्टरवाल्या टिप वापर, पिपेट आधी पुसून घे. पाचही ट्यूबमध्ये बँड आला तर पिपेटवर किंवा टेबलावर संशय घे. एन्झाइम बदलल्यावरच गेला तर उत्तर मिळालं. सॅम्पलमध्ये डीएनए भरपूर असेल तर सायकल २५-२८ वर आणून बघ, सॅम्पलचा बँड तेवढ्यात येतो आणि पाण्याचा बऱ्याचदा येत नाही. आणि बाकी काही नाही तर तो निगेटिव्हमधला बँडच सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचून घ्यायला, पाठव, तो ई. कोलायचा निघाला तर एन्झाइमकडे बोट जाईल, तुझ्याच मातीतल्या बॅक्टेरियाचा निघाला तर तुझ्या पिपेटकडे.

हे सगळं रिपोर्टात घाल, निगेटिव्हच्या लेनसकट. मी परीक्षक म्हणून बसले की आधी कंट्रोलच शोधते, आणि ज्या जेलच्या फोटोला कंट्रोल नसतो तिथे माझे प्रश्न वाढतात.

जाता जाता, या टॅक एन्झाइमच्या मुळाशी तुझ्यासारखाच पदवीचा एक विद्यार्थी आहे. १९६६ मध्ये यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतून थॉमस ब्रॉक यांनी नमुने आणले, आणि त्यातला बॅक्टेरिया लॅबमध्ये वाढवून वेगळा काढला हडसन फ्रीझ या पोराने. सुमारे ७० डिग्रीला ट्यूब ठेवायची, ढगाळ होते का बघत बसायचं, असं काम. १९६९ मध्ये दोघांच्या नावाने पेपर आला, बॅक्टेरियाचं नाव थर्मस ॲक्वाटिकस, त्यावरूनच टॅक. पीसीआर तेव्हा नव्हताच, तो १९८३ मधला.

प्रश्न: ताई, प्रोफेसरांना चाळीस मेल पाठवले, दोन उत्तरं आली, दोन्ही 'जागा नाही'. माझे मार्क चांगले आहेत. लॅबमध्ये शिरायचं कसं? नमुन्याला मेल जोडलाय.

उत्तर: वाचला. 'तुमच्या कामात मला प्रचंड रस आहे' असं सुरू होतो आणि कुठल्या कामात ते शेवटपर्यंत येत नाही. चाळीस जणांना एकच मेल गेलाय हे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळतं गं.

चारच निवड. प्रत्येकाचा गेल्या दोनेक वर्षांतला एक पेपर घे, सगळा कळला पाहिजे असं अजिबात नाही, एखादी आकृती पकड जिथे तू अडकलीस आणि मेलमध्ये तेवढंच विचार, की दुसऱ्या आकृतीत तापमान वाढवल्यावर पेशी कमी झाल्या पण मेलेल्या पेशी वाढल्या नाहीत, मग त्या गेल्या कुठे? असा प्रश्न आला की माणूस उत्तर द्यायला बसतो, सवयच असते ती. मग दोन ओळीत सांग की आठवड्याला किती तास येऊ शकतेस आणि किती महिने, कारण हात बसवायलाच दोन महिने जातात आणि तिसऱ्या महिन्यात जाणारं माणूस कुणालाच परवडत नाही. मार्क शेवटी. आणि प्रोफेसर उत्तर देत नसतील तर त्यांच्या पीएचडीच्या मुलांना लिही, बऱ्याचदा हाताखाली माणूस हवा असतो तो त्यांनाच.

सुरुवातीला हलकं काम मिळालं तर नाक मुरडू नकोस. कोलंबिया विद्यापीठात फळमाश्यांवर आनुवंशिकता अभ्यासणाऱ्या मॉर्गनच्या लॅबमध्ये कॅल्विन ब्रिजेस हा विद्यार्थी बाटल्या धुवायला लागला होता, आणि धुता धुता बाटलीच्या जाड काचेतून त्याला वेगळ्याच लाल डोळ्यांची फळमाशी दिसली. त्याच लॅबमधला स्टर्टेव्हंट, तोही पदवीचाच, १९११ मध्ये माश्यांचे आकडे घरी घेऊन गेला, कॉलेजचा होमवर्क सोडून रात्रभर बसला आणि एक्स क्रोमोसोमवर कुठला जीन कुठे आहे याचा पहिला नकाशा करून सकाळी आला. फक्त एक लक्षात ठेव, ब्रिजेसला लवकरच माश्या मोजायला घेतलं होतं. सहा महिने झाले आणि तू अजूनही नुसत्या बाटल्याच धुतेयस, तर खुशाल दुसरी लॅब बघ.

प्रश्न: मला कॅन्सरवर काम करायचंय आणि गाईड म्हणतात यीस्ट घे. हातात एकच सेमिस्टर आहे. त्यांना माझ्यावर भरवसा नाही असं वाटतं.

उत्तर: भरवसा आहे म्हणूनच यीस्ट देतायत रे! जरा हिशोब कर. उंदीर घेतलास तर तीन आठवडे गर्भाचे, पुढे सहा ते आठ आठवडे तो वयात यायला, शिवाय एथिक्स कमिटीची परवानगी येईपर्यंतच तुझं सेमिस्टर संपेल. झेब्राफिश साधारण तीन महिने. अरॅबिडॉप्सिस हे रोपटं बी ते बी सहा-आठ आठवडे, म्हणजे एक चूक झाली की दुसरी संधी कशीबशी एकदाच. फळमाशी २५ डिग्रीला दहा दिवस, सी. एलिगन्स हा किडा तीनेक दिवस. आणि यीस्ट दीड तासात दुप्पट होतं, सोमवारी चुकलास तर बुधवारी परत लावता येतं. पहिल्या प्रोजेक्टात माणूस चुकतोच, म्हणून मला तरी जीव निवडताना हाच एक आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, चुकल्यावर परत किती दिवसांत उभं राहता येतं.

आणि यीस्ट म्हणजे कॅन्सर नाही असं तुला कोणी सांगितलं? कॅन्सर म्हणजे पेशींचं बेताल विभाजनच, आणि पेशी विभाजन कुठे थांबवते आणि कधी सोडते हे लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांनी यीस्टमध्येच शोधलं, २००१ चं नोबेल त्यासाठी, टिम हंट यांच्यासोबत. नर्स यांच्या लॅबने तर १९८७ मध्ये दाखवलं की यीस्टचा विभाजनाचा जीन बिघडला असेल तर माणसाचा जीन घालून तेच यीस्ट चालतं. माणूस आणि यीस्ट वेगळे होऊन शंभर कोटी वर्षं तरी झाली असतील आणि सुटा भाग अजून बसतोय, हे वाचून मी त्या दिवशी बाकी काही केलं नव्हतं. घे यीस्ट.

प्रश्न: एका फ्लास्कमधून तीन ट्यूब काढल्या, तिन्ही मोजल्या, एरर बार (आलेखावर रिडिंगमधला फरक दाखवणाऱ्या रेघा) एकदम छोटे आले. गाईड म्हणतात एन, म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या, तीन नाही, एक आहे. असं कसं?

उत्तर: गाईड बरोबर. तू एकाच फ्लास्कला तीनदा विचारलंस, तो तीनदा तेच बोलला. एरर बारने फक्त तुझा हात किती स्थिर आहे ते सांगितलं. तीन वेगळ्या कॉलनी, तीन वेगळे फ्लास्क, जमलं तर तीन वेगळे दिवस, मग एन तीन. बार मोठे होतील, होऊ देत.

हातावरून आठवलं. मी पहिल्या वर्षात पिपेटचं बटण दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून द्रव ओढायचे, म्हणजे दर वेळी थोडं जास्तच. ओढताना पहिला थांबा, सोडताना दुसरा, हे मला चार महिन्यांनी कळलं, माझे तिन्ही रिडिंग कायम एकसारखे यायचे, सगळे सारखेच चुकीचे. तेव्हापासून नवीन मुलांना मी आधी वजनकाट्यावर पाणी मोजायला बसवते. १०० मायक्रोलिटर म्हणजे ०.१ ग्रॅम, काटा लाड करत नाही.

प्रश्न: माझी मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रविवारीसुद्धा लॅबमध्ये असते. विचारलं तर म्हणते मातीतून व्हायरस शोधतेय, बॅक्टेरिया खाणारे. याचा उपयोग काय, आणि पेपरमध्ये नाव तरी येईल का?

उत्तर: उपयोगाचं आधी सांगते. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत असेच व्हायरस शोधायच्या कोर्समधल्या एका विद्यार्थिनीला कुजलेल्या वांग्याच्या खालच्या बाजूला एक फेज, म्हणजे बॅक्टेरियाला मारणारा व्हायरस, सापडला. नाव ठेवलं मडी. तो फ्रीझरमध्ये पडून होता. पुढे लंडनला पंधरा वर्षांच्या एका मुलीच्या अंगात, फुप्फुसं बदलल्यानंतर, कुठल्याच अँटिबायोटिकला न जुमानणारा मायकोबॅक्टेरियाचा संसर्ग पसरला, तेव्हा पिट्सबर्गच्या ग्रॅहम हॅटफुल यांनी विद्यार्थ्यांनी जमवलेल्या साठ्यातले फेज तिच्या बॅक्टेरियावर तपासले. तीन कामाचे निघाले, त्यातल्या दोघांचे जीन बदलावे लागले, मडी आहे तसाच चालला. मुलीची तब्येत पुढच्या महिन्यांत सुधारली आणि २०१९ मध्ये त्यावर पेपर आला. तुमच्या मुलीचा फेज असा कुणाला वाचवेल असं मी म्हणत नाहीये, बहुतेक फेज फ्रीझरमध्येच राहतात. पण कुठला लागेल हे आधी कळत नाही, म्हणून सगळेच नीट लेबल लावून ठेवावे लागतात.

नावाचं म्हणाल तर ते तास मोजून ठरत नाही. बायोमेडिकल जर्नल पाळतात तो ठोकताळा असा, कामात खरी भर घातली, मजकूर लिहिण्यात किंवा तपासण्यात भाग घेतला, शेवटच्या मसुद्याला होकार दिला आणि कामाची जबाबदारी घेतली, या चारही गोष्टी हव्यात. नुसतं मीडिया, म्हणजे बॅक्टेरिया वाढवायचं खाद्य, बनवून दिलं तर आभारात नाव येतं, त्यात अपमान नाही. पण तिने डेटा काढला असेल आणि लिहायला कुणी बोलावलंच नाही तर ते योग्य नाही. हे काम संपल्यावर विचारायला गेलं की भांडण होतं, सुरुवातीलाच विचारलं तर साधा प्रश्न असतो. विचारायचं तिने, तुम्ही फोन करू नका प्लीज. आणि रविवारी एकटीच असेल तर लॅबमध्ये दुसरं कोणी असतं का एवढं मात्र जरूर विचारा.

प्रश्न: ट्यूबवर किती लिहायचं? झाकणावर १, २, ३ पुरत नाही का?

उत्तर: नाही. झाकणं अदलाबदल होतात, म्हणून अंगावरही लिही, काय आहे, तारीख, तुझी आद्याक्षरं, वहीचं पान. इथेनॉलने पुसलं जाणार नाही असं मार्कर घे, नाहीतर एका ओल्या हाताने पन्नास ट्यूब कोऱ्या होतात. गेल्या महिन्यात मी उणे ८० चा फ्रीझर आवरायला काढला तर मागच्या कप्प्यात एक डबा निघाला, बर्फ खरवडून बघितलं तर आत दोन ट्यूब. एकीवर 'नवीन', दुसरीवर 'नवीन खरं'. अक्षर माझंच होतं.