चढणीच्या माशांची वाट कुठे अडते?

आमच्या ओढ्यात पहिल्या पावसात चढणीचे मासे टोपलीने मिळायचे. आता वळगण, म्हणजे माशांची चढण, लागतच नाही. पाऊस तर पडतो! (सुधागड)

मासे ओढ्याच्या तोंडापर्यंत येतही असतील, पुढची वाट बंद असेल. मृगाचं गढूळ पाणी वाहू लागलं की शिंगटी, मरळ गाभोळी घेऊन उथळ पाण्याकडे, भातखाचरांकडे निघतात आणि पाणी ओसरताना पिल्लांसह नदीत परततात. तुमच्या रस्त्याखालची मोरी एकदा वाकून बघा. खालच्या बाजूची माती धुपून पाइप हातभर वर लटकत असेल. गेल्या जूनमध्ये अशाच एका मोरीपाशी मी तासभर उभा होतो. बोटाएवढे मासे धारेवर उड्या घेत, सिमेंटला आपटत, खाली पडत. एकही वर गेला नाही. तिथे दगडांची सौम्य उतरण रचून पाणी पाइपाच्या तोंडाला भिडवलं, तरी वाट मोकळी होते. आणि कृपा करून ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत जाळं लावू नका. समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ती याच काळजीपोटी. ओढ्यातली गाभोळीही तितकीच मोलाची.

आमच्या को. प. बंधाऱ्याला माशांसाठी शिडी बांधता येईल का? (कागल)

येईल, पण आधी बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, कधी निघतात ते विचारा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची खुबीच ही, की पावसाळ्यात बर्गे काढले की नदी मोकळी. पक्क्या धरणाला हे भाग्य नाही. पण बर्गे काढायला उशीर झाला, काही गाळात रुतून तसेच राहिले, तर चढणीचे नेमके दिवस हुकतात. पाणी वाटपाच्या बैठकीत हा मुद्दा मांडाच. शिडी करायचीच असेल, तर परदेशातल्या सॅमनसारख्या उड्या मारणाऱ्या माशांसाठीच्या पायऱ्या इथे उतरवू नका. आपले बरेच मासे तळालगत पोहतात. त्यांना वीस मीटरला एक मीटर चढणारा, मोठे दगड पेरलेला उतार सोयीचा.

मत्स्यबीज सोडलं तर पुरे नाही का?

नाही. लोणावळ्याजवळ वळवणला महसीर माशाची पिल्लं तयार होतात. काम मोलाचं आहे. पण सोडलेला महसीर मोठा होऊन वाहत्या पाण्यातली वाळू-गोट्यांची जागा शोधतो. तिथवर जाता आलं नाही, तर दरवर्षी बीजच सोडत बसायचं.

परदेशात खरंच धरणं पाडतात?

हो. अमेरिकेत क्लामथ नदीवरची चार धरणं काढण्याचं काम २०२४ मध्ये पुरं झालं आणि काही आठवड्यांतच चिनूक सॅमन मासे धरणांच्या जुन्या जागेपलीकडे पोचले. आपल्याकडे उलट घडलं. गंगेतली हिलसा पूर्वी आग्र्यापर्यंत चढायची. १९७५ मध्ये फरक्का बंधारा सुरू झाला आणि वरच्या गंगेत ती दिसेनाशी झाली. सगळी धरणं पाडा असं मी म्हणणार नाही, शेती त्यांच्यावर आहे. वापरात नसलेले, गाळाने भरलेले बंधारे मात्र काढलेच पाहिजेत.

अहीर (ईल) माशालाही हेच लागू?

त्याचा प्रवास उलटा. तो वाढतो नदीत, अंडी घालायला जातो समुद्रात. त्याची इवलीशी पिल्लं परतताना ओल्या, खरखरीत भिंतीवर चक्क सरपटत चढतात. गुळगुळीत, कोरड्या काँक्रीटवर त्यांचं काही चालत नाही. युरोपात त्यांच्यासाठी ब्रशसारख्या दाट तंतूंच्या चटया उतारावर बसवून त्यांवर पाण्याची बारीक धार सोडतात. कोकणातल्या खाडीलगतच्या बंधाऱ्यांवर हे करून बघण्याजोगं आहे, खर्चही फार नाही.